पीएम-किसान आणि ‘नमो’चा हप्ता अडकला तर आधी काय, नंतर काय

हप्ता जमा झाल्याचे मेसेज गावात वाजायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी सेवा केंद्रासमोर रांग लागते. रांगेतला प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: “माझे दोन हजार आले नाहीत, तेवढी केवायसी करून द्या.” केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, बहुतेकांची आधीच झालेली असते. अडलेलं असतं दुसरीकडेच, पण पैसे आले नाहीत म्हणजे केवायसी, असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कुणी तरी सांगतं, नवीन फॉर्म भरून टाक. तो भरला की साधा गुंता दुहेरी होतो.

गावातल्या लोकांचे हे कागद मी बरीच वर्षं बघतोय. चूक बहुधा क्रमात होते. आधार, मग जमीन, मग बँक, मग केवायसी हा क्रम धरला तर फेऱ्या वाचतात. आणि या सगळ्याच्या आधी पोर्टलवरची स्थिती बघायची. ती न बघता कुठंही जाऊ नका.

एवढं लक्षात असू द्या. केंद्र सरकारच्या पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत येतात: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० वेगळे. ‘नमो’ला वेगळा अर्ज नाही, ती यादी पीएम-किसानच्या यादीवरूनच तयार होते. म्हणून दोन्ही थांबले असतील तर दुरुस्ती पीएम-किसानकडे करायची.

## तयारी: घरातून निघण्याआधी

एक वही घ्या आणि एका माणसाला एक पान द्या. त्या पानावर हे लिहा:

- पीएम-किसानचा नोंदणी क्रमांक (महाराष्ट्रातला असेल तर ‘एमएच’ने सुरू होतो)
- आधारला जोडलेला मोबाइल नंबर, आणि तो फोन आज कुणाच्या खिशात आहे
- आधारवर नाव जसं छापलंय तसं, अक्षर न् अक्षर
- सातबारावर नाव जसं आहे तसं, आणि सगळे गट नंबर, दुसऱ्या गावातले धरून
- शेवटचा हप्ता कुठल्या महिन्यात, कुठल्या बँकेत आला

बरोबर ताजा सातबारा, आठ-अ (नावावरच्या एकूण जमिनीचा खातेउतारा) आणि आधार ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. पाच वर्षांपूर्वीची पिवळी पडलेली झेरॉक्स नेऊ नका, कारण त्यानंतर फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत बदल, झाला असेल तर तुमचा कागद एक बोलतो आणि संगणक दुसरंच.

मोबाइल नंबरची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण निम्मी कामं तिथंच अडतात. २०१९ साली घाईघाईत अर्ज भरले गेले तेव्हा कित्येकांच्या अर्जात फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचाच नंबर टाकून दिला. आमच्या वाडीतल्या एका आबांचा ओटीपी अजून तालुक्याला दुकान बंद करून गेलेल्या एका पोराच्या फोनवर जायचा. पोरगं पुण्याला, आबा इथं, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. दोन नंबर वेगवेगळे असतात हेही ध्यानात घ्या. एक आधारला जोडलेला, दुसरा पीएम-किसानच्या नोंदणीतला. आधारचा नंबर आधार केंद्रावर बदलून घ्या, पोस्टमनकडेही ती सोय असते. नोंदणीतला नंबर पोर्टलवर बदलता येतो. आधी आधारचा बदला.

थांबा: व्हॉट्सअॅपवर “पीएम किसान यादी” अशा नावाची एपीके फाइल आली असेल तर उघडू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका. ती फाइल फोनमध्ये बसली की बँकेचे ओटीपी परस्पर जातात. अॅप हवं असेल तर प्ले स्टोअरवरून सरकारी अॅपच घ्या.

## टप्पा १: स्थिती बघा आणि तीन ओळी वाचा

पीएम-किसानच्या सरकारी संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’ म्हणजे ‘आपली स्थिती जाणून घ्या’ असा पर्याय आहे. नोंदणी क्रमांक टाका, चित्रातली अक्षरं टाका, ओटीपी घ्या. नोंदणी क्रमांक हरवला असेल तर त्याच पानावर मोबाइल किंवा आधारवरून तो शोधता येतो.

पान उघडल्यावर लोक थेट खाली हप्त्यांकडे जातात. आधी मधल्या तीन ओळी वाचा:

१. लँड सीडिंग, म्हणजे जमिनीची नोंद जोडली आहे का
२. ई-केवायसी झाली आहे का
३. आधार बँक सीडिंग, म्हणजे आधारशी जोडलेलं बँक खातं आहे का

प्रत्येक ओळीपुढे ‘यस’ किंवा ‘नो’ असतं. ‘नो’ जिथं असेल तेवढंच दुरुस्त करायचंय. या पानाचा फोटो काढून ठेवा, पुढे कुठल्याही खिडकीवर हाच तुमचा पुरावा.

तिन्ही ‘यस’ असूनही पैसे नाहीत? मग खालची हप्त्याची ओळ बघा. ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ लिहिलं असेल तर राज्याने तुमचं नाव पैशांसाठी पुढे पाठवलंय. ‘एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ असेल तर पैसे पाठवण्याचा आदेशही निघालाय. या दोन्हींत करण्यासारखं काही नसतं, वाट बघायची. या काळात खातं बदलायला गेलात तर हातातोंडाशी आलेला हप्ता लोंबकळतो. हप्ता परत गेल्याचं किंवा थांबवल्याचं दिसत असेल तर मात्र कारणाची ओळ जशीच्या तशी वहीत उतरवा.

तपासा: पैसे खरंच आले नाहीत ना? एसएमएस न येणं आणि पैसे न येणं वेगळं. पासबुक भरून घ्या, आणि टप्पा ४ मध्ये सांगितलंय तसं ते दुसऱ्याच खात्यात गेले नाहीत ना तेही बघा.

## टप्पा २: नाव आणि आधार

आधारवर ‘पांडुरंग’, सातबारावर ‘पांडू’, बँकेत ‘पी.’ आणि पीएम-किसानच्या अर्जात टायपिंगची चूक होऊन ‘पांडूरग’. माणूस एक, नावं चार. बायकांच्या बाबतीत तर माहेरचं नाव, सासरचं नाव आणि लाडाचं नाव असे तीन पदर असतात.

कुठलं बदलायचं? जो कागद बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं बोलतो, तो. आधारच चुकलं असेल तर आधी आधार. आधार बरोबर असून फक्त पीएम-किसानमध्ये चूक असेल तर पोर्टलवर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करण्याचा पर्याय आहे, त्यासाठी कुठं जायचीही गरज नाही. सातबारावर लेखनाची चूक झाली असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो आजच टाका आणि तोवर बाकीचे टप्पे चालू ठेवा.

आधार बदलल्यावर बँकेतलं नाव आणि पीएम-किसानमधलं नाव त्याच क्रमाने बदला. उलटं केलंत तर दोनदा करावं लागेल.

## टप्पा ३: जमीन

लँड सीडिंग ‘नो’ असेल तर बँकेत किंवा केवायसीला जाऊन काहीही होणार नाही. ही गाठ तालुका कृषी अधिकारी कार्यालय आणि महसूल खातं यांच्यामध्ये सुटते. सातबारा, आठ-अ, जमीन नावावर कशी आली तो फेरफार, नवरा-बायकोचं आधार आणि स्थितीच्या पानाचा फोटो घेऊन आधी कृषी कार्यालयात जा. ते “तहसीलला जा” म्हणाले तर नेमकं कोणत्या दुरुस्तीसाठी, ते विचारून वहीत लिहून घ्या. नाहीतर दोन कार्यालयांत तुमचा चेंडू होतो.

फेरफार का मागतात? पीएम-किसानसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ ला तुमच्या नावावर असणं लागतं. त्यानंतर विकत घेतलेल्या किंवा वडील हयात असताना वाटणीने नावावर आलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. सूट एकच: जमीनधारक वारला आणि वारसाने जमीन आली. २०२१ ला वडिलांनी वाटणी करून दिली म्हणून तिन्ही भावांनी अर्ज केले आणि तिन्ही फेटाळले गेले, हे आमच्याकडे झालंय. तिथं कार्यालयाची चूक नव्हती.

### शेतकरी ओळख क्रमांक

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. लोक त्याला फार्मर आयडी म्हणतात. तो काढताना तीन चुका नेहमी होतात.

एक, फक्त घराजवळचा एकच गट जोडला जातो. तुमच्या नावचे सगळे गट जोडा, शेजारच्या गावचा असला तरी, आणि सामायिक असला तरी आपला हिस्सा.

दोन, अर्ज भरल्यावर मिळालेल्या पावतीवरचा नंबर हाच आयडी असं समजून लोक ती पावती लॅमिनेट करून आणतात. तो अर्जाचा नंबर. मंजुरीनंतर येणारा ११ अंकी क्रमांक तो खरा. नाव आधारशी नीट जुळत नसेल तर मंजुरी तलाठ्यांकडे थांबते. भाऊसाहेबांना अर्जाचा नंबर सांगा, नुसतं “माझं बघा” म्हणू नका. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच चालतं.)

तीन, फार्मर आयडी निघाला म्हणजे पीएम-किसान आपोआप सुरू झालं असं धरून चालतात. काही दिवसांनी स्थितीचं पान पुन्हा उघडून लँड सीडिंग ‘यस’ झालं का बघा.

### लाभार्थी वारला असेल तर

इथं सगळ्यात जास्त गडबड होते, आणि ती दुःखाच्या दिवसांत होते म्हणून कुणी बोलतही नाही. वडील गेले, एटीएम कार्ड घरात आहे, हप्ते येताहेत, पोरं काढताहेत. ते पैसे पुढे वसूल होतात. मृत्यूचा दाखला मिळाला की कृषी कार्यालयाला लेखी कळवा आणि त्या खात्यात नंतर आलेल्या हप्त्यांना हात लावू नका.

मग वारस नोंद. अर्ज, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्या. सगळ्या म्हणजे आई आणि लग्न झालेल्या बहिणींसकट. बहिणीचं नाव गाळून काम लवकर होईल असा सल्ला देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. हरकत आली की तोच फेरफार अडून बसतो. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर त्याचा नोंदणीकृत दस्त नंतर वेगळा करता येतो. नोटीस लागते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. सातबारावर तुमचं नाव चढल्यावरच नवा अर्ज. वडिलांचा नोंदणी क्रमांक तुमच्या नावावर होत नाही.

थांबा: कुटुंब म्हणजे इथं नवरा, बायको आणि अठराखालची मुलं. एका कुटुंबाला एकच लाभ. दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन असली तरी दोघांनी घ्यायचा नाही. दोघांचे चालू असतील तर ते कधी तरी बंद होणारच, वसुलीसकट. भावाचं कुटुंब मात्र वेगळं धरतात.

## टप्पा ४: बँक

“आधार लिंक आहे” असं बँकेतून ऐकून लोक परत येतात आणि पोर्टलवर मात्र ‘नो’च असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. खात्याला आधार नोंदवणं वेगळं आणि सरकारी पैसे थेट त्या खात्यात यावेत (यालाच डीबीटी म्हणतात) म्हणून एनपीसीआय या पेमेंट संस्थेच्या यादीत ते खातं जोडणं वेगळं. हप्त्यासाठी दुसरं लागतं. तेव्हा काउंटरवर असं विचारा: “साहेब, डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग आमच्या याच खात्याला आहे का?” नसेल तर संमतीचा छोटा फॉर्म असतो, तो भरून द्या.

एका आधारला एका वेळी एकच खातं असं जोडलेलं राहतं, आणि शेवटी जे जोडलं ते चालतं. पीएम-किसानच्या अर्जात कुठल्या बँकेचं पासबुक लावलं होतं याला मग अर्थ राहत नाही. मोबाइलचं सिम घेताना अंगठा लावला, सोबत पेमेंट बँकेचं खातं उघडलं, आणि हप्ते तिकडे जाऊन बसले, अशी प्रकरणं मी स्वतः सोडवली आहेत. एका मावशींचे चार हप्ते असे सापडले. वर्षभर त्या जिल्ह्याच्या बँकेत पासबुक भरून भरून थकल्या होत्या.

तपासा: बँकेत जाण्याआधी आधारच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. कुठली बँक जोडलेली आहे आणि ती चालू आहे की नाही, दोन्ही तिथं दिसतं. तुमच्या बँकेऐवजी दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं तर कोडं सुटलं.

पीक कर्जाचं खातं जोडू नका, बचत खातं द्या. पतसंस्थेचं पासबुक चालत नाही. खात्याची बँकेतली केवायसी थकली असेल तर त्याच फेरीत तीही उरका. आणि जवळच्या बँकेत रोज हेलपाटे होत असतील तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं आधारसह उघडून घेणं हा सोपा मार्ग आहे. मात्र मग हप्ता तिथंच येईल, जुन्या बँकेत शोधत बसू नका.

## टप्पा ५: ई-केवायसी

स्थितीत ‘यस’ असेल तर हा टप्पा सोडून द्या. दर हप्त्याला केवायसी करायला लावून पैसे घेणारे आहेत, त्यांना ही ओळ दाखवा.

‘नो’ असेल तर तीन वाटा आहेत. आधारचा मोबाइल हाताशी असेल तर ओटीपीने घरबसल्या, फुकट. नसेल तर सेवा केंद्रावर बोटाच्या ठशाने, त्याचा सरकारी दर १५ रुपये. तिसरी वाट अॅपमधून चेहरा दाखवून.

ठशाबद्दल थोडं. कापूस वेचून, भांगलून, सारवून बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आमच्या आक्कांचा अंगठा सात वेळा यंत्रावर ठेवला, सातही वेळा लाल दिवा. मागचे लोक कुरकुरायला लागले, तशा त्या हात पदरात लपवून निघाल्याच होत्या. अशा वेळी अंगठ्याचा हट्ट सोडा. हात कोमट पाण्याने धुवा, पुसा, आणि यंत्राची काच कोरड्या फडक्याने पुसायला सांगा. दुसरी बोटं लावून बघा, अनामिका कमी झिजलेली असते. तरी नाही जमलं तर चेहऱ्याची वाट धरा. आक्कांचं शेवटी तसंच झालं, अंगणात, उजेडाकडे तोंड करून, नातवाच्या फोनवर. डोळ्यांची उघडझाप करा म्हटल्यावर हसू आलं म्हणून पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा झालं.

## टप्पा ६: अपात्र दाखवत असेल तर

‘इन्कम टॅक्स पेई’, म्हणजे आयकर भरणारा, असा शेरा दिसला की पुष्कळ लोक वाद न घालता गप्प बसतात. आधी बघा, तुम्ही मागच्या आकारणी वर्षात खरंच कर भरलाय का. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी शून्य कराचं विवरणपत्र भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. तसं असेल तर विवरणपत्राची पोचपावती जोडून कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या.

खरोखर कर भरला असेल, घरात सरकारी नोकर असेल (चतुर्थ श्रेणी सोडून), किंवा निवृत्तिवेतन महिना १०,००० किंवा त्याहून जास्त असेल (पुन्हा चतुर्थ श्रेणी सोडून), तर लाभ मिळत नाही. वकिली, डॉक्टरी करणाऱ्यांनाही नाही. घेतलेले पैसे पोर्टलवरून परत करता येतात आणि लाभ स्वतःहून सोडताही येतो. परतीची पावती जपून ठेवा, वसुलीची नोटीस पावतीनंतरही येऊ शकते.

नवा अर्ज करायचा तो फक्त तुमची नोंदणी कधीच झाली नसेल तर, किंवा तुम्ही वारस असाल तर. बंद पडलेल्या जुन्या नोंदणीवर दुसरा अर्ज टाकू नका.

## टप्पा ७: तरीही नाही झालं तर

दुरुस्ती आज झाली म्हणून पैसे उद्या येत नाहीत. पुढच्या हप्त्याच्या यादीत नाव येईपर्यंत थांबावं लागतं. पात्र असलेल्याचे दुरुस्तीमुळे थांबलेले मागचे हप्ते नंतर मिळू शकतात, म्हणून अर्जात “थकीत हप्त्यांसह” हे शब्द घाला.

हेल्पलाइनला फोन करायचा तर १५५२६१. नोंदणी क्रमांक आणि वही समोर ठेवूनच करा. पण खरा जोर लेखी अर्जात आहे. नमुना देतो:

> प्रति, मा. तालुका कृषी अधिकारी.
> विषय: पीएम-किसान नोंदणी क्र. ______, लँड सीडिंग ‘नो’ असल्याबाबत.
> माझी मौजे ______ येथे गट क्र. ______ मध्ये जमीन असून ती दि. ______ च्या फेरफार क्र. ______ ने माझ्या नावे आहे. ई-केवायसी व आधार बँक सीडिंग पूर्ण आहे. जमिनीची नोंद जोडून थकीत हप्त्यांसह लाभ सुरू करावा. पूर्तता बाकी असल्यास लेखी कळवावे.
> सोबत: सातबारा, आठ-अ, फेरफार, आधार, स्थितीच्या पानाची प्रत.

एका अर्जात एकच मागणी ठेवा. नावाची चूक, जमीन आणि पीक विमा एकाच कागदावर लिहिलं की तो कागद तीन टेबलांवर फिरून चौथ्या कपाटात जातो. दोन प्रती न्या. पोच देणाऱ्याने नुसती सही केली आणि शिक्का किंवा तारीख राहिली तर खिडकीपासून हलण्याआधी तेवढं मागून घ्या.